ताल, बांध आणि पूर : मुळा-मुठेकाठच्या खाजगी मातीबांधांचा इतिहास

प्रस्तावना

पुण्याच्या पुराचा इतिहास सांगताना बहुधा १२ जुलै १९६१ या तारखेपासून प्रारंभ केला जातो. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या घटनेचा ठसा इतका खोल आहे की, पूर म्हणजे नदीचा पूर आणि पूरनियंत्रण म्हणजे मोठे, शासकीय मालकीचे धरण, असे समीकरण पुढील अर्धशतकात जवळजवळ निर्विवाद झाले. अभ्यासकही त्यास अपवाद नाहीत. परंतु नदीला मिळण्यापूर्वी पाणी कोठे असते, ते कोण अडवितो आणि अडविण्याची जबाबदारी कोणावर असते, हे प्रश्न या समीकरणात बसत नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय या दुर्लक्षित पाण्याशी संबंधित आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चाने व श्रमाने घातलेली मातीची ताल हे खाजगी मालकीचे एक अत्यंत छोटे धरणच होय. मुळा-मुठेच्या उत्तर काठावरील खराडी आणि तिच्या आसपासचा परिसर समोर ठेवून या तालीचा, तिच्यामागील विचाराचा आणि तिच्याविषयीच्या कायद्याचा मागोवा येथे घेतला आहे.

ताल म्हणजे काय

पश्चिम महाराष्ट्रात बांध आणि ताल हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. तथापि दोहोंत भेद आहे. बांध मुख्यतः हद्द दाखवितो, ताल पाणी आणि माती अडविते. उताराच्या जमिनीत, विशेषतः जेथे पावसाच्या पाण्याने ओघळ पडू लागते तेथे, उताराला आडवी मातीची भिंत घालावयाची, जमल्यास तिच्या खालच्या अंगाला दगड रचावयाचे आणि एका कडेला जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा ठेवावयाचा, ही तिची सर्वसाधारण रचना. दरवर्षी वरून वाहून आलेला गाळ तालीच्या पोटात साठतो, त्यामुळे जमीन हळूहळू सपाट होते आणि पुढच्या पिढीला ताल आणखी उंच करावी लागते. ताल एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. ती वाढती वस्तू आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील आदिवासी पट्ट्यात ‘पडकई’ या नावाने ओळखली जाणारी, परस्परांच्या शेतावर आळीपाळीने राबून खाचरे घडविण्याची पद्धती याच कुळातील आहे. फरक एवढाच की, पडकईत श्रम सामूहिक असतात. देशावरील ताल मात्र बहुधा एकेका घराच्या बैलजोडीच्या आणि हातांच्या बळावर उभी राहते.

खराडीच्या भूरचनेत अशा तालींचे प्रयोजन सहज लक्षात येते. गावाची दक्षिण सीमा नदी आहे. नदीलगत काळी जमीन आणि उत्तरेस, नगर रस्त्याच्या बाजूस, चढाची हलकी, मुरमाड जमीन. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याहून काढलेला मुठा उजवा कालवा नदीच्या दक्षिण अंगाने हडपसरवरून पुढे जातो. त्याचे पाणी मांजरीच्या बाजूस मिळाले, नदीच्या उत्तर काठास नव्हे. त्यामुळे या काठावरील शेतीचा भार पाऊस आणि विहीर यांवर राहिला. वरची माती आणि वरचे पाणी शेतात थांबले नाही, तर दोन्ही एकाच धारेत मुळा-मुठेत जाणार, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नव्हते.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. रयतवारी मोजणीने जमिनीचे जे तुकडे पाडले ते महसुलाच्या सोयीसाठी. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीत शेताला क्रमांक मिळाला, हद्दीला दगड आणि मातीचे उंचवटे मिळाले आणि सारा भरणारा एकच एक जबाबदार माणूस ठरला. पाणी मात्र उतार पाहते, क्रमांक पाहत नाही. एका क्रमांकाच्या माथ्यावरचे पाणी दुसऱ्याच्या पायथ्याशी जाते आणि तिसऱ्याची ताल फोडते. वारसाहक्काने जमिनीचे तुकडे होत गेले तसतसा हा विसंवाद वाढला. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पिंपळे सौदागर या पुण्यालगतच्या गावाच्या सुप्रसिद्ध पाहणीत हॅरल्ड मॅन यांनी जमिनीच्या या तुकडीकरणाचे जे चित्र रेखाटले, ते पुण्याच्या आसपासच्या इतर गावांना फारसे परके नव्हते. पूर्वी एका घराच्या मालकीची असलेली ताल आता तीन भावांच्या हिश्शांतून जाऊ लागली. ती फुटली तर कोणी दुरुस्त करावी, हा प्रश्न उभा राहिला. गावोगावच्या बांधाच्या भांडणांकडे केवळ वीतभर जमिनीच्या लोभाचे प्रकरण म्हणून पाहण्याची सवय आहे. त्यांपैकी कित्येक भांडणे मुळात पाण्याची असतात.

महात्मा फुले यांचा विचार

या छोट्या मातीबांधाला सार्वजनिक धोरणाचा दर्जा देण्याची मागणी करणारा पहिला महत्त्वाचा मराठी विचारवंत म्हणून जोतीराव फुले यांचा उल्लेख करावा लागतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ मध्ये लिहिला. त्यात शेतकऱ्यांच्या दैन्याची कारणमीमांसा केल्यानंतर त्यांनी जे उपाय सुचविले आहेत, त्यांत ‘तालीवजा बंधारे’ हा एक आहे. लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या मनुष्यबळाकडून सरकारने असे बंधारे ठिकठिकाणी घालून घ्यावेत आणि त्यांची योजना अशी असावी की, पावसाचे पाणी आधी शेतांत मुरून मगच नदीनाल्यांना मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. डोंगरउतारावरील पालापाचोळ्याचे सत्त्व वाहून जाते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

या सूचनेचा विचार सामान्यतः भूसंधारणाच्या अंगाने केला जातो. तिचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे. पाणी आधी शेतात आणि नंतर नदीत, हा क्रम म्हणजे पुराच्या लोंढ्याची धार बोथट करण्याचीच योजना होय. फुले यांना धरणाचे काम अपरिचित नव्हते. खडकवासला धरणाच्या बांधकामाला साहित्य पुरविणारे ठेकेदार म्हणून त्यांनी काम केले होते आणि खराडीच्या पलीकडच्या काठावर मांजरी येथे त्यांची शेती होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. मोठे धरण, त्याचा कालवा आणि त्या कालव्याच्या खात्याची कार्यपद्धती या तिन्हींचा प्रत्यक्ष अनुभव असलेला हा लेखक मोठ्या धरणाच्या जोडीला हजारो छोट्या तालींची मागणी करतो, याचे महत्त्व वेगळे आहे. ताल रयतेच्या जमिनीत, पण खर्च सरकारचा, अशी मांडणी करून त्यांनी खाजगी मालकी आणि सार्वजनिक हित यांचा संबंध थेट जोडला. सरकारने मात्र त्या दिशेने पाऊल टाकले नाही.

त्याच वर्षी सरकारने केले ते निराळेच. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाने शेतकऱ्यास तगाई देण्याची सोय झाली. ज्या कामांसाठी कर्ज मिळू शकते त्यांत विहिरी आणि तलाव यांच्या बरोबरीने पुरापासून, धूप होण्यापासून व पाण्याने होणाऱ्या अन्य हानीपासून शेतजमिनीचे रक्षण करणारी कामेही होती. पुरापासून रक्षण हे जमीनधारकाचे खाजगी काम आहे आणि त्यासाठी त्याने कर्ज काढावे, असा या कायद्याचा दृष्टिकोन होता. फुले यांची सूचना आणि हा अधिनियम एकाच वर्षातील असले तरी दोहोंमधील अंतर मोठे आहे.

फुटलेल्या तालीची जबाबदारी

खाजगी मातीबांध फुटून खालच्या शेताचे नुकसान झाले, तर भरपाई कोणी द्यावी? या प्रश्नावरचे इंग्रजी कायद्यातील सर्वांत गाजलेले उत्तर एका छोट्या खाजगी जलाशयाच्या निमित्तानेच आले. लँकेशायरमधील एका गिरणीमालकाने आपल्या जमिनीत जलाशय बांधला. त्यातील पाणी जुन्या खाणींच्या वाटेने शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने असा दंडक कायम केला की, निसटल्यास हानी करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत आणून साठवितो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर साठविली पाहिजे. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही.

हाच दंडक हिंदुस्थानात लागू करावा काय, हा प्रश्न लवकरच प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदाराच्या मालकीचे जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेमार्गाची हानी झाली. मद्रास रेल्वे कंपनीने भरपाई मागितली. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती नाकारली. या देशात तलाव राखणे ही जमीनदाराची मर्जी नसून त्याच्यावर परंपरेने आलेले कर्तव्य आहे, असंख्य लोकांचे जीवन त्या तलावांवर अवलंबून आहे आणि म्हणून निष्काळजीपणा दाखविल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

मराठी वाचकांना हा दाक्षिणात्य खटला दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि तालीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न त्यात स्वच्छ मांडला गेला आहे. लँकेशायरच्या गिरणीमालकाचा जलाशय सर्वार्थाने खाजगी होता: मालकी त्याची, लाभ त्याचा, जोखीमही त्याचीच. कार्वेटनगरच्या तलावाची मालकी खाजगी असली तरी त्याला सार्वजनिक कर्तव्य चिकटलेले होते. खराडीच्या चढावरील शेतकऱ्याची ताल यांपैकी कोणत्या वर्गात मोडते? ती तो स्वतःच्या मातीसाठी घालतो, हे खरे. पण ती धरते ते पाणी खालच्या सर्व शेतांना, ओढ्याला आणि अखेर नदीला त्रासदायक ठरणारे असते. ताल दुसऱ्या वर्गात मोडते, असे मानण्यास भरपूर आधार आहे. गावाच्या व्यवहारात ती तशीच मानली जात असे. कायद्याने मात्र तिचे हे कर्तव्य कोठेही स्पष्टपणे लिहून ठेवले नाही.

कायद्याने लिहिले ते उताराविषयी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडणारे पाणी खालच्या जमिनीकडे स्वाभाविकपणे वाहू देणे खालच्या मालकास भाग आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने त्यापुढे जाऊन एक झटपट उपाय दिला: शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कोणी बेकायदा अडथळा उभा केला व त्यामुळे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागता येते आणि तो अडथळा दूर करण्याचा हुकूम देऊ शकतो. वकील नाही, लांबलचक दावा नाही, मामलेदार स्वतः शेतावर येऊन पाहणी करू शकतो. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा एक अत्यंत उपयुक्त कायदा होता आणि आहे. मात्र हा उपाय शेती, चराई, झाडे वा पिके यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीपुरता आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

बांधबंदिस्तीचे पर्व

फुले यांच्या सूचनेनंतर सुमारे सहा दशकांनी, १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने सरकार प्रथमच रयतेच्या शेतात मोठ्या प्रमाणावर बांध घालण्यास सिद्ध झाले. समपातळीवरील बांध ही या योजनेची मुख्य कल्पना. पाणलोटाचा एक तुकडा निवडावयाचा, त्यातील सर्व शेतांतून समान पातळीच्या रेषांवर मातीचे बांध घालावयाचे, खर्चाचा काही भाग शेतकऱ्यांकडून हप्त्यांनी वसूल करावयाचा आणि पुढील दुरुस्तीची जबाबदारी जमीनधारकावर टाकावयाची. विजापूर, सोलापूरकडील दुष्काळी कामांत या बांधांना मोठी चालना मिळाली आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात व रोजगार हमी योजनेत ‘बांधबंदिस्ती’ आणि ‘नाला बंडिंग’ हे शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले.

तांत्रिकदृष्ट्या ही योजना तालीपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होती, यात शंका नाही. मात्र शेतकऱ्यांनी तिला मनापासून आपले म्हटले नाही. पातळीची रेषा शेताच्या मधून तिरपी जाते, औत फिरविताना अडथळा होतो, एकाच शेतकऱ्याचा तुकडा दोन भागांत विभागला जातो. अनेकांनी हे बांध नांगरून टाकले किंवा हळूहळू कोरून नाहीसे केले. स्वतः घातलेली ताल जो शेतकरी दर उन्हाळ्यात माती ओढून दुरुस्त करीत असे, तोच सरकारी बांधाकडे परक्या वस्तूप्रमाणे पाहू लागला. बांध त्याच्या जमिनीत होता, दुरुस्तीचे दायित्व कागदावर त्याचे होते. परंतु बांधाची जागा त्याने ठरविली नव्हती. मालकी आणि कर्तव्य यांची फारकत येथे प्रथम झाली.

दुसरीकडे १९६१ च्या आपत्तीने लोकांचे लक्ष पूर्णपणे नदीवर खिळविले. अपूर्ण असलेल्या पानशेत धरणात पाणी साठविले गेले, लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचूनही ते वाचले नाही. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर यांचे काम पूर्ण होण्यापूर्वीच निधन झाले आणि ते काम नाईक आयोगाकडे गेले. पुढे पानशेतची पुनर्बांधणी झाली, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आली, पवनेवर १९७० च्या दशकात मातीचे धरण झाले. मुळशीचे धरण तर १९२० च्या दशकापासून टाटांच्या कंपनीच्या मालकीचे. ते बांधले गेले वीजनिर्मितीसाठी व त्याचे पाणी पश्चिमेस भिऱ्याकडे उतरते, पण जलाशय भरल्यावर सोडलेले पाणी मुळेतून पुण्याकडेच येते. संगमाखाली वसलेल्या खराडीच्या काठावर या साऱ्या धरणांचे विसर्ग एकत्र होऊन येतात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२४ मध्ये पुण्याने याचा अनुभव घेतला. नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत रूढ झाली. या रेषा आवश्यक आहेत. पण त्या नदीच्या पाण्याच्या आहेत. चढावरून नदीकडे येणाऱ्या पाण्यासाठी अशी कोणतीही रेषा नाही.

शिवाराची वसाहत होताना

१९९७ मध्ये खराडी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत माहिती-तंत्रज्ञान उद्याने, उंच निवासी इमारती आणि रुंद रस्ते यांनी शिवाराचे रूप पालटले. या परिवर्तनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जमिनीचे भाव, स्थलांतर आणि वाहतूक हे त्यातील नेहमीचे विषय. तालींचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो विचारण्यासारखा आहे, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी पडते. ताल घातलेल्या शेतात त्याचा मोठा भाग मुरतो किंवा काही तास थांबतो. त्याच हेक्टरवर काँक्रीट आणि डांबर आले की, जवळजवळ सर्व पाणी काही मिनिटांत खालच्या बाजूस जाते. शंभर हेक्टरांसाठी हा आकडा ५०,००० घनमीटर होतो. पाऊस तोच, उतार तोच; फक्त वाटेतील शेकडो छोटी धरणे नाहीशी झालेली असतात.

कायद्याच्या दृष्टीने येथे जे घडते ते अधिक लक्षणीय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली जमीन अकृषिक झाली की ती शेतजमीन राहत नाही. मामलेदार न्यायालयाचा झटपट उपाय तिला लागू होत नाही. वरच्या भूखंडाच्या भरावामुळे खालच्या सोसायटीच्या तळघरात पाणी शिरले, तर दिवाणी न्यायालय किंवा महापालिकेचा विभाग, हेच मार्ग उरतात. १९४२ च्या अधिनियमाखालील बांधदुरुस्तीचे दायित्वही, शेतीच न उरल्यामुळे, व्यवहारात संपते. विकत घेणाऱ्याकडे जमीन जाते, चटईक्षेत्र जाते, रस्त्याचा हक्क जातो. पाणी थोपवून धरण्याचे जे काम ती जमीन पिढ्यानुपिढ्या करीत आली, ते कोणाकडेच जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अनेकांचे प्राण गेले. हे संकट प्रामुख्याने ओढ्याच्या स्वतःच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचे होते. नदीपूर्वीचे पाणी शहरात किती घातक ठरू शकते, याचे ते विदारक उदाहरण होय.

तालीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकणे इष्ट नाही. सलग चार दिवस पाऊस झाला, जमीन तृप्त झाली की, ताल नवे पाणी धरू शकत नाही. सांडवा लहान असला किंवा घुशींनी माती पोखरलेली असली, तर ती फुटते आणि वरची ताल फुटली की, तिच्या लोंढ्याने खालच्या ताली एकामागून एक वाहून जातात. मातीचा बांध देखभालीवाचून सुरक्षित राहत नाही, मग तो कोणाच्याही मालकीचा असो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील शासकीय मातीचे धरण फुटून खालच्या वस्तीतील अनेक माणसे दगावली. ते काही पानशेतसारखे विशाल धरण नव्हते. त्यानंतर दोन वर्षांनी संसदेने धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ संमत केला. त्यात धरणाचा मालक शासन असो वा खाजगी कंपनी, देखभालीची व आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. मात्र हा अधिनियम १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या धरणांनाच लागू होतो. त्याहून लहान खाजगी मातीबांध, शेततळ्यांच्या भिंती आणि ताली त्याच्या कक्षेबाहेर आहेत. प्रत्येक तालीवर निरीक्षक नेमावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अशा शेकडो बांधांचा एकत्रित परिणाम एखाद्या लघुप्रकल्पाएवढा असतो आणि त्यांची गणती मात्र कोठेच होत नाही, ही विसंगती उघड आहे.

या विसंगतीचे मूळ महसुली कागदात सापडते. सात-बारा उताऱ्यावर जमिनीचे लागवडयोग्य क्षेत्र असते, पिके असतात, विहीर असते, कर्जाचा बोजा असतो. ताल असलीच, तर पोटखराब्याच्या आकड्यात, काही गुंठ्यांत, नाव न घेता सामावलेली असते. पोटखराबा म्हणजे लागवडीस निरुपयोगी क्षेत्र. पाणी धरणाऱ्या मातीची नोंद ज्या रकान्यात झाली, त्याच रकान्यात खडकाची आणि खाणीचीही होते. जमीन गावठाणाबाहेरून शहरात आली, सात-बाराच्या जागी मिळकत पत्रिका आली, तेव्हा भूखंडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये नव्याने लिहिले गेले आणि तो रकानाही उरला नाही.